तिचं आधार पाहिलंत, तुमचं दाखवलंत का?

मुलगा पाच महिन्यांचा झाला तेव्हा मी पहिल्यांदा एका एजन्सीच्या ऑफिसात गेले. पुण्यातच, एका दुकानाच्या वर दुसरा मजला. आत दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत सोफा, एसी, पाण्याच्या बाटल्या. तिथं आम्ही, म्हणजे 'क्लायंट'. आतल्या खोलीत सतरंजीवर सात-आठ बाया, त्या 'कँडिडेट'. मधल्या दाराला पडदा. मॅडम पडदा सरकवून नाव पुकारायच्या, एक बाई बाहेर येऊन उभी राहायची आणि आम्ही बसल्या जागेवरून प्रश्न विचारायचे. मुलगी बघायला जातात तसं. फक्त इथं पोहे नव्हते.

माझ्या हातात तिचा फॉर्म दिला. चार पानं. नाव, गाव, वय, जात, धर्म, नवरा आहे का, असला तर पितो का, मुलं किती, ती कुणाकडे असतात, व्हेज की नॉनव्हेज, स्मार्टफोन आहे का, रात्री झोप गाढ लागते का. शेवटच्या पानावर आधार कार्डाची झेरॉक्स आणि तिच्यावर निळा शिक्का: 'व्हेरिफाइड'.

मग माझा फॉर्म आला. अर्धं पान. नाव, फ्लॅट नंबर, बाळाचं वय, बजेट, घरात कुत्रं आहे का.

घरात कोण कोण राहतं हे कुणी विचारलं नाही. माझा नवरा पितो का हेही नाही. ती झोपणार कुठं, तिला सुट्टी कधी, आधी कुणी बाई होती का आणि ती का गेली, यातलं काहीच नाही. कुत्र्याची चौकशी झाली, नवऱ्याची झाली नाही. एक अनोळखी बाई एका अनोळखी घरात चोवीस तास राहायला जाणार होती आणि सगळी तपासणी फक्त तिची चालली होती.

माझं म्हणणं साधं आहे. एका बाजूची पडताळणी ही पडताळणीच नव्हे. ती काम करणाऱ्या बाईवर अन्याय करते हे तर आहेच. पण ज्या बाळाच्या नावानं हा सगळा खटाटोप चालतो, त्या बाळालाही ती सुरक्षित ठेवत नाही.

* * *

हे मी का सांगतेय, तेही सांगते. माझी आई याच कामात होती. बीड जिल्ह्यातून लग्न होऊन पुण्यात आली, आधी धुणीभांडी केली, मग कोथरूडमध्ये बारा तासांची 'मुलं सांभाळणारी' झाली. ते काम तिला एका ब्यूरोवाल्यानं मिळवून दिलं होतं. पहिल्या महिन्याचा अर्धा पगार त्याचा. ज्या घरी ती होती तिथल्या मुलाला ताप आला की आई रात्रीही थांबायची. मला ताप आला की मी वस्तीतल्या शेजारच्या काकूंकडे. यात मी त्या घराला दोष देत नाही. ते काम तसंच होतं आणि त्या पगारावर माझी शाळा चालली.

मी सातवीत असताना त्या घरातल्या बाळाचा चांदीचा एक वाळा हरवला. आईला विचारलं. मग पिशवी उलटी करायला लावली. मग ब्यूरोवाल्याला फोन गेला. त्याच संध्याकाळी आई घरी आली आणि भिंतीला टेकून बसून राहिली. पुढं बारा-तेरा दिवसांनी वॉशिंग मशीन दुरुस्त करायला आलेल्या माणसाला ड्रमच्या मागं तो वाळा सापडला. हे आम्हाला त्या घरानं कळवलं नाही, त्या बिल्डिंगच्या वॉचमनकाकांनी कळवलं. ब्यूरोवाल्याच्या वहीत आईच्या नावापुढं लाल फुली होती, ती काही पुसली गेली नाही. पाच महिने तिला काम मिळालं नाही. त्या वर्षी माझी सहल बुडाली. सहलीचं फार काही वाटत नाही आता. पण आईनं त्यानंतर कुठल्याही घरात आत जाताना आणि बाहेर पडताना स्वतःहून पिशवी उघडून दाखवायला सुरुवात केली. कुणी मागितलं नाही तरी. ते मात्र अजून डोळ्यांसमोर येतं.

आज मी हिंजवडीला नोकरी करते. माझ्या फ्लॅटला लिफ्ट आहे आणि मी त्या सोफ्यावर बसले होते.

तुम्ही विचाराल, मग आईनंच नातवाला का नाही सांभाळलं? मीही विचारलं होतं. आई म्हणाली, "खेळवीन. जीव लावीन. पर ड्युटी न्हाई करायची आता. गुडघे गेले माझे लोकाची लेकरं उचलून." मला आधी राग आला, मग लाज वाटली. आजी आहे म्हणजे फुकटची बाई आहे, हे गृहीत मीसुद्धा धरलं होतं.

* * *

आता त्या निळ्या शिक्क्याकडे येऊ. 'व्हेरिफाइड' म्हणजे नेमकं काय?

आधारची झेरॉक्स. आधार कार्ड माणसाची ओळख सांगतं. या नावाची, या चेहऱ्याची व्यक्ती आहे, एवढंच. ती बाळाला नीट धरते का, घशात घास अडकला तर काय करायचं हे तिला माहीत आहे का, रडणाऱ्या पोराला ती किती वेळ सहन करू शकते, हे आधारवर छापलेलं नसतं. आणि वयाचं म्हणाल तर त्या दिवशी पडद्यामागून एक मुलगी आली. सोळाची असेल नसेल. मॅडम म्हणाल्या, "दिसायला बारीक आहे, आधारवर एकोणीस आहे." कागद बोलला, विषय संपला.

पोलीस पडताळणी. ही जरूर करावी, पण ती काय सांगते तेही समजून घ्यावं. ज्याच्यावर गुन्हा नोंदला गेला, त्याचा गुन्हा ती दाखवते. नोंद नाही म्हणजे माणूस चांगला, असा तिचा अर्थ होत नाही. फक्त नोंद नाही एवढाच होतो. बाळाला चिमटे काढणाऱ्या बाईला लोक पोलिसांत देत नाहीत, एजन्सीला फोन करून बदलून घेतात. मग ती दुसऱ्या घरी 'व्हेरिफाइड' म्हणूनच जाते. आणि वाळा न चोरलेल्या माझ्या आईच्या नावापुढं मात्र लाल फुली राहते. या व्यवस्थेत वाईट बाई सुटते आणि चांगली अडकते. तरी आपण तिला सुरक्षा म्हणतो.

रेफरन्स. मला दोन नंबर मिळाले. पहिला लागला नाही. दुसऱ्यावर एक बाई फार गोड बोलल्या: "हो हो, आमच्याकडे दीड वर्ष होती, एकदम क्लीन, बेबीला छान अटॅच झाली होती." फोन ठेवल्यावर ट्रूकॉलरवर नाव पाहिलं. ते त्याच एजन्सीचं होतं, पुढं कंसात 'स्टाफ'. मी मॅडमना स्क्रीन दाखवली. त्या अजिबात ओशाळल्या नाहीत. म्हणाल्या, "मॅडम, जुने क्लायंट फोन उचलत नाहीत, म्हणून आम्हीच मॅनेज करतो."

भिंतीवर शॉप ॲक्टचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलं होतं. तसंच प्रमाणपत्र खालच्या मोबाइल कव्हरच्या दुकानातही होतं.

* * *

एजन्सीवाले वाईट असतात असं म्हणून हा विषय मिटत नाही. गणित बघा, सगळं कळतं. मला सांगितलेल्या अटी अशा: बाईचा पगार महिना वीस हजार. माझ्याकडून एजन्सीची फी एक महिन्याचा पगार, म्हणजे वीस हजार, आगाऊ. करार अकरा महिन्यांचा. त्यात तीन 'फ्री रिप्लेसमेंट'. बाईकडून पहिल्या पगाराचा अर्धा, म्हणजे दहा हजार. हे शेवटचं मला मॅडमनी सांगितलं नाही, जिन्यात भेटलेल्या एका ताईंनी सांगितलं.

आता हिशोब करा. पहिलीच बाई अकरा महिने टिकली तर एजन्सीला मिळाले तीस हजार. तिन्ही रिप्लेसमेंट वापरल्या, म्हणजे चार बाया आल्या, तर माझे वीस आणि चौघींचे दहा-दहा, मिळून साठ हजार. मला जे 'फ्री' वाटतं, त्याचे पैसे प्रत्येक नवी बाई भरते. बाई टिकली तर एजन्सीचा फायदा अर्ध्यावर येतो. जिचं पोट बाया बदलण्यावर भरतं, ती एजन्सी बाई आणि घर नीट जुळवून द्यायला कशाला जिवाचं रान करेल?

आणि माझ्या पोराचं काय? सहा महिन्यांचं मूल अकरा महिन्यांत चार जणींच्या अंगाचा वास ओळखायला शिकणार आणि चारदा विसरणार. 'रिप्लेसमेंट' हा शब्द मिक्सरच्या भांड्यासाठी ठीक आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा घरकामगारांसाठीचा १८९ क्रमांकाचा करार २०११ सालचा आहे. त्याच्या पंधराव्या कलमात खाजगी एजन्स्यांबद्दल सांगितलंय की एजन्सीची फी कामगाराच्या मोबदल्यातून कापली जाऊ नये, यासाठी देशांनी उपाय करावेत. भारतानं तेव्हा या कराराच्या बाजूनं मत दिलं. कराराला मंजुरी मात्र दिली नाही. म्हणजे परिषदेत हात वर केला आणि घरी येऊन खाली घेतला.

* * *

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल फॉर्ममध्ये एकही रकाना नव्हता. घराची बाजू.

चोवीस तासांची बाई ज्या दारातून आत जाते त्याला लॅच असतं. आत कोण आहे, तिला ठाऊक नसतं. सासरे रात्री पाणी प्यायला उठतात तेव्हा हॉलमध्ये तीच झोपलेली असते. नवरा घरून काम करतो. मोठा मुलगा हात उचलतो. पगार दर महिन्याला दहा तारखेनंतरच होतो. आधीच्या तीन जणी दोन-दोन महिन्यांत पळाल्यात. हे सगळं एजन्सीला ठाऊक असू शकतं, कारण रिप्लेसमेंट तिनंच दिलेल्या असतात. पण चौथीला कुणी सांगत नाही. चौथीच्या नवऱ्याची दारू माझ्या फॉर्मवर आहे. माझ्या घरातली तिच्या फॉर्मवर नाही.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा आपल्या सगळ्यांना ऑफिसमुळे माहीत आहे. दरवर्षी ते ट्रेनिंग येतं, आपण स्लाइड पुढं ढकलत क्विझ देतो. त्याच कायद्यात राहतं घर हेही कामाचं ठिकाण धरलंय आणि घरकामगार बाईचा स्पष्ट उल्लेख आहे. तिची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, आणि प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समितीनं ती सात दिवसांच्या आत पोलिसांकडे पाठवायची असते. मी त्या ऑफिसात विचारलं, हे तुम्ही बायांना सांगता का? मॅडम म्हणाल्या, "असलं सांगितलं तर क्लायंट येतील का आमच्याकडे?" त्या दिवशी त्या माझ्याशी पहिल्यांदा खरं बोलल्या असं मला वाटलं.

आता आपल्या सोसायटीचं ॲप उघडा. त्यात प्रत्येक बाईचा फोटो, फोन नंबर, ती कुठल्या कुठल्या फ्लॅटमध्ये जाते, किती वाजता आली, किती वाजता गेली, आणि तिला किती स्टार. आमच्या मजल्यावरच्या एकीला कुणीतरी 'जास्त बोलते' म्हणून दोन स्टार दिलेत. कुणी दिले, तिला माहीत नाही. तिच्या फोनमध्ये ते ॲप नाही. आता असं एक ॲप कल्पा, ज्यात बाया फ्लॅटला स्टार देतील. 'ए ५०३: शिळं देतात, दोन स्टार.' 'बी ११०२: साहेबांपासून सांभाळून, एक स्टार.' सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केवढी आग लागेल! बदनामी, प्रायव्हसी, वकील, सगळं येईल. प्रायव्हसी आपल्यालाच असते.

तरी बाया हे ॲप चालवतातच, तोंडी. बसस्टॉपवर, लिफ्टच्या दारात, भिशीत. 'त्या घरी जाऊ नको.' आई सांगते, त्यांच्या वस्तीत कुठलं घर कसं हे सगळ्यांना पाठ होतं. पण ही माहिती वस्तीतल्या बाईपाशी असते. जी काल झारखंडहून किंवा मेळघाटातून उतरली आणि स्टेशनवरून थेट एजन्सीच्या सतरंजीवर आली, तिच्यापाशी काही नसतं. एजन्सीला तीच बाई जास्त आवडते.

* * *

इथं मला एक प्रश्न येणार हे ठाऊक आहे, आणि तो खोटा नाही. "बाळ बोलू शकत नाही. बाई मोठी आहे, सोडून जाऊ शकते, तक्रार करू शकते. बाळ काय करेल? आम्ही घाबरायचंही नाही का?"

घाबरा. मीही घाबरते. पाळण्यातल्या पोराला आपटणाऱ्या बाईचा व्हिडिओ कुणीतरी फॉरवर्ड करतं आणि पुढं दोन रात्री झोप लागत नाही. मी कॅमेराही लावलाय, लपवून सांगत नाही. बाळ सगळ्यांत दुबळं आहे हे मान्यच. म्हणूनच म्हणते, झेरॉक्सवर समाधान मानू नका. मला कमी पडताळणी नकोय. खरी हवीय.

आणि खरी पडताळणी करायला बसलात की ती आपोआप दोन्ही बाजूंची होते. कशी ते बघा. बाळाला धोका कधी जास्त? बाई थकलेली असताना. रात्री तीनदा उठून सकाळी सहाला पुन्हा उभी असलेली, आठवड्याची सुट्टी नसलेली, स्वतःच्या मुलाशी चार दिवस फोनवर न बोललेली बाई तुमच्या बाळाला आंघोळ घालते आहे. ती स्वभावानं देवमाणूस असली तरी तिचा हात निसटू शकतो. तुम्ही आणि मी सख्खी आई असूनही तिसऱ्या जागरणाला पोरावर ओरडलोय की नाही? मग तिच्या झोपेची चौकशी ही बाळाच्या सुरक्षेची चौकशी आहे. तिचा पगार वेळेवर होतो का, हीसुद्धा. तिला तुमच्याशी खरं बोलायची भीती वाटते का, ही तर सगळ्यांत आधी. जिला एका वाळ्यावरून पिशवी उलटी करावी लागते, ती उद्या बाळ पलंगावरून पडलं तर तुम्हाला सांगेल? नाही सांगणार. डोक्याला तेल चोळेल आणि देवाचं नाव घेईल. तुम्ही डॉक्टरकडे उशिरा पोचाल.

कॅमेरा पडलेलं बाळ दाखवतो, आणि तेही तुम्ही बघत असाल तर. पडल्याचं पाच मिनिटांत फोन करून सांगणारी बाई कॅमेऱ्यातून मिळत नाही.

शाळेत वक्तृत्व स्पर्धेत आपण कापूरहोळच्या धाराऊ गाडेंचं नाव घ्यायचो. संभाजीराजांना दूध पाजणारी माउली म्हणून टाळ्या पडायच्या. दूध पाजणारी बाई म्हणजे जिला स्वतःचंही तान्हं मूल आहे अशी बाई, हे मला कुठल्याच भाषणात ऐकल्याचं आठवत नाही. आपल्याला तिची माया हवी असते, तिचं मूल मध्ये आलेलं चालत नाही. फॉर्मवर 'मुलं किती, कुणाकडे असतात' हा रकाना त्या मुलांच्या काळजीनं छापलेला नाही. ती सुट्टी किती मागेल याचा अंदाज घ्यायला छापलाय.

* * *

"हे सगळं सरकारचं काम आहे" असंही कुणी म्हणेल. आहेच. २०१७ च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं. आमच्या कंपनीचं पाळणाघर पॉलिसीच्या पीडीएफमध्ये आहे. प्रत्यक्षात ते अकरा किलोमीटरवरच्या एका नर्सरीशी केलेलं 'टाय-अप' आहे. सत्ताविसाव्या आठवड्यात आई काय करते? सोफ्यावर जाऊन बसते. आणि घरी हिशोब होतो तो नेहमी असा: 'हिच्या पगारातून बाईचा पगार गेला तर उरतं काय?' मूल दोघांचं, बाईचा खर्च एकटीचा. बाई स्वस्त हवी असा दट्ट्या इथून सुरू होतो आणि खाली सतरंजीपर्यंत पोचतो.

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालीच झाला. तो कामगारांची नोंदणी आणि कल्याणाच्या योजना यांच्यासाठी आहे. सोफा आणि सतरंजीच्या मधल्या धंद्याला लगाम घालणारा कायदा तो नव्हे. असे कायदे करता येतात, हे इतर राज्यांनी दाखवलंय. छत्तीसगडनं २०१३ मध्ये प्लेसमेंट एजन्स्यांसाठी कायदा केला, दिल्लीनं २०१४ मध्ये आदेश काढला, झारखंडनं २०१६ मध्ये कायदा केला. कागदावर आलेलं सगळं जमिनीवर उतरतं असं मी म्हणत नाही. पण कागदही नसेल तर मॅडमना जाब कुठल्या कलमाखाली विचारायचा? जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका घरकामगार बाईच्या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या खटल्यात केंद्राला सांगितलं की घरकामगारांसाठी कायद्याची चौकट असावी का, हे पाहायला समिती नेमा. स्वातंत्र्याला पंच्याहत्तर वर्षं उलटून गेल्यावर आपण 'असावी का' या पायरीवर आहोत.

आणि याच पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पगारवाढ, सुट्टी, आजारपण हेच मुद्दे होते. आपल्या आज्यांच्या पिढीनं तेव्हा 'आता यांचंही युनियन' म्हणून नाकं मुरडली असतील. आपण ॲपवर दोन स्टार देतो.

* * *

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर मी काय केलं ते सांगते. यात मोठेपणा काही नाही, उलट एक फजिती आहे.

आईनं सांगितलं, "तिचं आधार बघतीस, मग आपलं बी दाव की. आधी घर दाव तिला." म्हणून मी आमच्या घराचा एक कागद केला. दोन पानं, मराठीत. घरात कोण राहतं, कोण किती वाजता घरी असतं. पगार किती आणि कुठल्या तारखेला. सुट्टी. झोपायची जागा. कॅमेरा कुठं आहे, कुठं नाही. आधी चार महिने कामाला होत्या त्या ताईंचा नंबर, त्यांना विचारून. माझं आणि नवऱ्याचं आधार. काही बिनसलं तर संघटनेचा नंबर. आणि तीन दिवस पगारी चाचणी. मी घरात असणार. तिला पटलं नाही तर तिनं जायचं, कारण सांगायचं बंधन नाही.

पहिल्या ताई ओळखीतून आल्या. कागद वाचला, घर पाहिलं, आधीच्या ताईंना माझ्यासमोरच फोन लावला. मग म्हणाल्या, "ताई, माणसं चांगली दिसता. पर रात्री हॉलमध्ये झोपायचं, अन् तुमचे सासरे तिथूनच बाथरूमला जानार. मला न्हाई जमायचं." आणि गेल्या.

मला झोंबलं. माझे सासरे देवासारखे आहेत, असं तोंडावर आलं होतं. मग लक्षात आलं की हे वाक्य प्रत्येक घरातून निघतं, आणि त्या बाईला खरं-खोटं ठरवायला दुसरं काही साधन नाही. नकार देता येणं हेच तिचं साधन. मला नाकारलं गेलं ते कागदात खरं लिहिलं म्हणून. एजन्सीतून आली असती तर तिला ते पहिल्या रात्री कळलं असतं आणि आठवड्यात मला रिप्लेसमेंट मागावी लागली असती.

आम्ही चोवीस तासांचा नाद सोडला. आता सकाळी आठ ते सहा एक ताई येतात. रविवार सुट्टी. नवरा आठवड्यातले दोन दिवस घरून काम करतो आणि त्या दिवशी भरवणं त्याच्याकडे. दुसऱ्याच आठवड्यात ताईंचा मला ऑफिसात फोन आला: "ताई, बाळ सोफ्यावरून पडलं. माझंच चुकलं, मी बाटली आणाय वळले. टेंगूळ आलंय, रडून शांत झालंय, तुम्ही या." आम्ही डॉक्टरांकडे गेलो. काही नव्हतं. परत येताना रिक्षात ताई गप्प होत्या. उतरताना त्यांनी आपली पिशवी माझ्यासमोर उघडून धरली, कामावरून जाताना सवयीनं धरतात तशी. मी म्हटलं, ताई, हे आमच्याकडे नाही करायचं. त्यांनी पिशवी मिटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडली. ती सवय जायला अडीच महिने लागले.

तुम्ही आत्ता मूलबाळ असलेले असाल किंवा नसाल. कधीतरी त्या सोफ्यावर बसाल, नाहीतर तुमची बहीण बसेल, मैत्रीण बसेल. तेव्हा पाच गोष्टी विचारा. आधीच्या घराचा खरा नंबर. बाईकडून किती कापणार. तिचे मूळ कागद कुणापाशी आहेत. एजन्सीपाशी असतील तर उठून निघा. बदललेल्या बाया का गेल्या. आणि आमच्या घराबद्दल तुम्ही तिला काय सांगणार. पाचव्या प्रश्नावर मॅडम गोंधळतील. गोंधळू द्या. दहा जणींनी विचारलं तर अकरावीच्या फॉर्मवर एक रकाना वाढेल.

आई हल्ली दुपारी येते, नातवाला खेळवते, ताईंशी गप्पा मारते. परवा दोघी मिळून आमच्या बिल्डिंगमधल्या कुठल्या घरी जावं आणि कुठल्या नाही, याची उजळणी करत होत्या. मी दारात उभी राहून ऐकलं. आमच्या फ्लॅटचा नंबर आला तेव्हा दोघी थांबल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. काय ठरलं ते मला अजून सांगितलेलं नाही.